हस्तनिर्मित आभूषणे : छंदाकडून लघुउद्योगाकडे
(अहिल्यानगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

दागिना म्हटला की आपल्यासमोर सोने, चांदी आणि सराफाची पेढी उभी राहते. महाराष्ट्रातील स्त्रियांनी मात्र धातूखेरीज इतर अनेक वस्तूंचे दागिने घरच्या घरी घडविले आहेत. मुंडावळ्या, गौरीचे हार, डोहाळजेवणासाठी फुलांचे दागिने आणि संक्रांतीचे हलव्याचे दागिने ही त्याची ठळक उदाहरणे होत. ही कला पिढ्यान्‌पिढ्या हौस म्हणून जोपासली गेली. तिचे मोल कौतुकात झाले, पैशात क्वचितच झाले. अलीकडे महाविद्यालयीन विद्यार्थिनी, गृहिणी आणि बचत गटांच्या सदस्या मणी, कृत्रिम मोती, रेशीम धागा, भाजलेली माती यांपासून दागिने करून विकू लागल्या आहेत. या छंदाचा उद्योग होतो तेव्हा नेमके काय बदलावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. भांडवल, प्रशिक्षण आणि बाजारपेठ यांची चर्चा नेहमीच होते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे : करणारीच्या वेळेची किंमत कोण मोजतो आणि कशी मोजतो?

हलव्याच्या दागिन्यांचा दाखला

हा प्रश्न हलव्याच्या दागिन्यांत सर्वाधिक स्पष्ट दिसतो, कारण तेथे कच्च्या मालाची किंमत अगदी अल्प असते. हलवा करण्याची पारंपरिक रीत अशी : मंद आचेवरील परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन त्यावर साखरेचा पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे सतत हलवीत राहायचे. पाकाचे थरावर थर चढतात आणि दाण्याला काटा येतो. यासाठी थंड, कोरडी हवा लागते. दमट हवेत काटा धरत नाही आणि धरला तरी हलवा लवकर ओलसर होतो. पौषातील नगरची कोरडी थंडी या कामाला विशेष अनुकूल आहे. एका बैठकीत हे काम पुरे होत नाही. जाणत्या स्त्रिया ते दिवसांच्या हिशेबाने सांगतात.

दाणा तयार झाल्यावर खरी कारागिरी सुरू होते. सोनेरी कागद, पुठ्ठा, जरीचा धागा आणि मणी यांच्या आधारे तो ओवून वा चिकटवून मंगळसूत्र, हार, बाजूबंद, बांगड्या, कमरपट्टा, नथ असा नववधूचा संच सिद्ध होतो. जावयासाठी हार, गुच्छ, नारळ आणि हौसेने मनगटी घड्याळही केले जाते. बोरन्हाणासाठी बाळकृष्णाचा मुकुट, बासरी, पैंजण असा लहान संच असतो. काळ्या वस्त्रावर हा पांढरा काटेरी दाणा खुलून दिसतो, हे वेगळे सांगावयास नको. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे दिवस हाच त्याचा हंगाम. परदेशातील मराठी कुटुंबांसाठी मात्र पार्सलला लागणारा वेळ धरून डिसेंबरपूर्वीच काम उरकावे लागते.

आज बहुतेक ठिकाणी दाणा बाजारातून तयार आणला जातो आणि घरी केवळ ओवण्या-चिकटवण्याचे काम होते. त्यामुळे विकणारीच्या हातात उरते ती मुख्यतः तिची मजुरी आणि तिची कल्पकता. तरीही किंमत ठरविताना ती साहित्याचा खर्च मोजते, त्यावर अंदाजे काही रक्कम चढविते आणि त्या रकमेला नफा म्हणते.

केवळ उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. वधूच्या एका संचासाठी हलवा, कागद, मणी, दोरा, पुठ्ठा व खोका यांचा खर्च २६० रुपये धरला. संच ७०० रुपयांस विकला. करणारी म्हणते, ४४० रुपये सुटले. आता साहित्य आणण्याचा प्रवास व न विकल्या गेलेल्या नगांचा वाटा यांपोटी १०० रुपये वजा करू, उरले ३४०. संचाला नऊ तास लागले असतील, तर तासाला सुमारे ३८ रुपये, म्हणजे आठ तासांच्या दिवसाला सुमारे ३०२ रुपये पडतात. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दैनिक दर ३१२ रुपये होता. ज्या जिल्ह्याने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याची कामे पाहिली, त्या जिल्ह्यात कुशल हस्तकलेचा दिवस अकुशल मातीकामाच्या दिवसाहून स्वस्त ठरत असेल, तर त्यास उद्योग म्हणणे कठीण आहे. या उदाहरणातील आकडे गृहीत आहेत, परंतु वेळ न मोजण्याची रीत सार्वत्रिक आहे.

वजनावरची मजुरी आणि वेळेवरची मजुरी

येथे कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीशी तुलना उद्‌बोधक ठरते. हातकणंगले तालुक्यातील हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर परिचित आहे. रेंदाळ, पट्टणकोडोली आणि सीमेपलीकडील मांगूर अशा आसपासच्या गावांतही हे काम घरोघरी चालते. व्यापारी चांदी वजन करून देतो, तयार माल वजन करूनच परत घेतो, ठरलेली घट मान्य करतो आणि मजुरी किलोमागे देतो. या व्यवस्थेत कारागिराला भांडवल गुंतवावे लागत नाही, मालही पडून राहत नाही. शिवाय मजुरी हा हिशेबातील स्वतंत्र रकाना असतो. तिचा दर कमी की जास्त, यावर वाद घालता येतो, कारण ती दिसते. घरी छंद म्हणून दागिने करणाऱ्या स्त्रीच्या वहीत हा रकानाच नसतो.

अर्थात वजनाची पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. मोत्यांच्या नथीला वजन असे नसतेच, आणि तिची सारी किंमत गुंफणीत असते. बारीक तारेवर दोन-तीन मिलिमीटरचे मोती ओवून मधोमध रंगीत खडा बसविणे, तारेचे टोक त्वचेला टोचणार नाही असे वळविणे, याला सवयीचा हात लागतो. ठुशीचे मणी एकमेकांत घट्ट बसवून दोऱ्यावर गाठविणे आणि मागे रेशमाचा गोंडा करणे हे पटवेकऱ्याचे काम. पूर्वी प्रत्येक सराफ बाजाराच्या आसपास पटवेकरी बसलेले दिसत. त्यांची मजुरी दागिन्याच्या किमतीहून वेगळी सांगितली जाई. छंदिष्ट कारागिरांनी अनुसरण्याजोगी हीच रीत आहे. साहित्य, मजुरी आणि वरखर्च अशी तीन भागांत किंमत मांडावी आणि मजुरीचा तासाचा दर स्वतः ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

दर लिहिला की दोन गोष्टी घडतात. काही नग करणे सोडून द्यावे लागतात, कारण ते कोणत्याही किमतीला परवडत नाहीत. आणि जे उरतात त्यांचा वेळ कमी करण्याचे उपाय सुचू लागतात : एकच नग अथपासून इतिपर्यंत करण्याऐवजी वीस नथींच्या तारा एकदम कापून ठेवणे, मोती मापाप्रमाणे निवडून ठेवणे, खोकी आधीच चिकटविणे. छंदात हे कंटाळवाणे वाटते. उद्योगात तोच कमाईचा भाग असतो.

कोणता दागिना करावा

यंत्रनिर्मित कृत्रिम दागिन्यांशी भावाच्या स्पर्धेत उतरणे व्यर्थ आहे. राजकोट व मुंबईच्या घाऊक बाजारांतून येणारा माल गावोगावच्या जत्रांत ज्या किमतीस मिळतो, त्या किमतीत केवळ साहित्यही येत नाही. मढीची कानिफनाथांची यात्रा, मोहटादेवीचा नवरात्रोत्सव, शनिशिंगणापूरची शनी अमावास्या, शिर्डीतील उत्सव या जिल्ह्यातील मोठ्या गर्दीच्या जागा आहेत. परंतु तेथील ग्राहक स्वस्त, तयार आणि चटकन घेता येईल अशी वस्तू शोधत असतो. अशा ठिकाणी हातकामाचा दुकान-गाळा घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

हातकामाला वाव आहे तो मापाच्या, मागणीच्या आणि निमित्ताच्या दागिन्यांत. चापाची नथ हे उत्तम उदाहरण होय. नाक न टोचलेल्या मुलींना नथ घालता यावी म्हणून केलेल्या या साध्या बदलाने नथीला नवा ग्राहकवर्ग मिळाला. उभ्या महालक्ष्म्यांसाठी मुखवट्याच्या मापाचे दागिने लागतात आणि ते प्रत्येक घरी निराळे असते. लग्नात वधूच्या शालूच्या रंगाशी जुळणाऱ्या मुंडावळ्या मागितल्या जातात. हळदीसाठी फुलांचे दागिने करताना नगर तालुक्यातील अकोळनेर परिसराची शेवंती हाताशी आहे. मात्र ताज्या फुलांचा दागिना काही तासांचाच सोबती असल्याने तो पहाटे करावा लागतो आणि त्याची मजुरी त्याप्रमाणे जास्त असावयास हवी.

या दागिन्यांकडे एकत्र पाहिले तर वर्षाचे चक्र तयार होते : पौषात हलवा व हळदीकुंकवाचे वाण, उन्हाळ्यात लग्नसराई, श्रावणात राख्या, भाद्रपदात गौरी-गणपती, आश्विनात नवरात्र. एकाच हंगामावर अवलंबून राहणारी स्त्री उरलेल्या अकरा महिन्यांत हात सोडून बसते, आणि पुढच्या वर्षी तिचे ग्राहक दुसरीकडे गेलेले असतात.

गुणवत्तेबाबत दोन मुद्दे टाळता येण्याजोगे नाहीत. स्वस्त मुलाम्याखाली बहुधा निकेल असते आणि त्याची अनेकांच्या त्वचेला ॲलर्जी होते. कानातील आकडे व नथीची तार यांत बचत करू नये. दुसरा मुद्दा बोरन्हाणाचा आहे. लहान मूल अंगावरचा हलवा तोंडात घालणारच. म्हणून बाळाच्या संचात डिंक, खळ, काचेचे मणी वा सुटे मोती वापरू नयेत, दाणा दोऱ्यात घट्ट ओवावा. हलवा खाद्यपदार्थ म्हणून विकावयाचा असेल, तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी आवश्यक आहे. घरगुती व्यवसायात हे नियम सहसा दुर्लक्षिले जातात, आणि तक्रार आली की सारा हंगाम हातचा जातो.

नोंदणी, कर आणि कर्ज

याविषयी फार विस्ताराची गरज नाही. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य व स्वयंघोषणेवर आधारित आहे. राज्यांतर्गत वस्तुविक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची नाही. राज्याबाहेर माल पाठविताना एरवी नोंदणी लागते. परंतु हाताने घडविलेल्या कृत्रिम दागिन्यांचा अधिसूचित हस्तकला वस्तूंच्या यादीत समावेश असल्याने त्यांना ठरावीक मर्यादेपर्यंत सवलत आहे. मुद्रा योजनेच्या (२०१५) शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सोनार व माळाकार यांचा अंतर्भाव आहे, परंतु मण्यांचे दागिने करणाऱ्या गृहिणीला त्यांपैकी कोणत्याही चौकटीत बसणे अवघड जाते. चांदीत हात घालणाऱ्यांनी शुद्धतेविषयी लेखी पावती द्यावी. केवळ 'चांदी' असे तोंडी सांगून मुलाम्याचा माल विकणे ही फसवणूकच होय.

बचत गटांना महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना १९७५) आणि 'उमेद' अभियान यांचा आधार आहे. नगर येथे भरत आलेले 'साईज्योती' प्रदर्शन व मुंबईतील 'महालक्ष्मी सरस' येथे विक्रीची संधी मिळते. मात्र प्रदर्शनातील पाच दिवसांच्या उभ्या श्रमाचीही मजुरी हिशेबात धरावी लागते, आणि ती धरली की काही गटांना प्रदर्शनापेक्षा ओळखीच्या ग्राहकांची यादी अधिक लाभदायक असल्याचे आढळेल.

महाविद्यालयांना काय करता येईल

आपल्या महाविद्यालयांत मेंदी, रांगोळी आणि दागिने बनविण्याच्या एकदिवसीय कार्यशाळा वर्षानुवर्षे होतात. त्यात विद्यार्थिनी एक नथ करतात, छायाचित्र काढतात आणि कार्यशाळा संपते. याऐवजी वाणिज्य व गृहविज्ञान विभागांनी एकत्रितपणे एका सत्राचा उपक्रम घ्यावा. गृहविज्ञान विभागाने साहित्य व कृती शिकवावी. वाणिज्य विभागाने परिव्यय लेखांकनाचा धडा याच नगांवर घ्यावा. प्रत्येक विद्यार्थिनीने एकाच नमुन्याचे वीस नग करावेत आणि पहिल्या व विसाव्या नगास लागलेला वेळ मिनिटांत नोंदवावा. विक्री संक्रांतीच्या आठवड्यात महाविद्यालयाच्या आवारातच व्हावी, परंतु नातेवाइकांनी घेतलेले नग वेगळ्या रकान्यात दाखवावेत, कारण मावशीने घेतलेला हार हा मागणीचा पुरावा नव्हे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेत विद्यार्थ्यांच्या कामाचे तास नोंदवून त्यांना मानधन दिले जाते. तासाची नोंद ठेवण्याची ही शिस्त आपल्या कार्यालयांना परिचित आहे. तोच नमुना-तक्ता या उपक्रमासाठी वापरता येईल. त्यात दिनांक, नगाचे नाव, साहित्याचा खर्च, सुरुवातीची व शेवटची वेळ, विक्रीची किंमत आणि तासाला पडलेली मजुरी एवढे सहा रकाने पुरेत. पदवीच्या तीन वर्षांत एखाद्या विद्यार्थिनीच्या अशा तीन संक्रांतींच्या नोंदी हाती आल्या, तर कर्जाचा अर्ज भरताना बँकेपुढे ठेवण्यास तिच्याजवळ तिच्याच कामाचा हिशेब असेल. नोंदींत मजुरी तासाला चाळीस रुपयांवरच अडकलेली दिसली, तर तो नमुना सोडून दुसरा निवडण्याचा सल्लाही शिक्षकाला त्याच तक्त्याच्या आधारे देता येईल.