जादूटोण्याबद्दल बायबल काय सांगते?

शनिवार उजाडला की जबलपूरच्या विजय नगरात दुकानांच्या दारांवर लिंबू-मिरचीच्या नव्या माळा लटकू लागतात. बांधकाम चालू असलेल्या घरावर काळी बाहुली टांगलेली असते. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने अशी माळ लावली तर? त्यांच्या धर्मात हे चालते का? गंमत अशी की, या प्रश्नाला खुद्द ख्रिस्ती घरांतूनही एकच एक उत्तर मिळत नाही.

गोव्याचेच पाहा. कॅथॉलिक घरातले तान्हे मूल किरकिरू लागले की आजी मीठ-मिरच्या ओवाळून ‘दिश्ट’ काढते. तोंडाने येशूची प्रार्थना चालू असते आणि मिरच्या विस्तवात पडतात. धर्म बदलून शतके लोटली, पण ओवाळणे तसेच राहिले. (आणि मिरचीसुद्धा पोर्तुगीजांनीच आपल्याकडे आणली!)

ग्रंथातला शब्द मात्र अगदी स्पष्ट आहे. बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात शकुन पाहणारे, मंत्रतंत्र करणारे, भुताखेतांना विचारणारे, मेलेल्यांशी बोलणारे अशांची यादीच दिली आहे. यांतले काहीही तुमच्यात असू नये, अशी ताकीद आहे. त्याच दमात मुलांचा अग्नीत बळी देण्याचीही मनाई आहे. यशया संदेष्टा तर बाबेलच्या ज्योतिष्यांची चक्क टर उडवतो. तारे पाहून भविष्य सांगणाऱ्यांना स्वतःला आगीतून वाचवता येणार नाही, असे तो म्हणतो.

राजा आणि भूतविद्या जाणणारी बाई

पण नियमांपेक्षा गोष्टी जास्त सांगून जातात. शौल हा इस्राएलचा पहिला राजा. त्याने भुतांना बोलावणाऱ्यांना देशातून हाकलून दिले होते. पुढे पलिष्ट्यांची फौज समोर उभी ठाकली, देव काही उत्तर देईना, तेव्हा हाच राजा वेष पालटून रात्री एन-दोर गावच्या अशाच एका बाईच्या दारात गेला. ती घाबरली. ‘राजाने आमच्यासारख्यांचे काय केले, ठाऊक आहे ना? मला का अडकवता?’ असा तिचा सवाल होता. अभय मिळाल्यावर तिने मृत शमुवेल संदेष्ट्याला बोलावले. त्याने धीर दिला नाही. उद्या तू आणि तुझे मुलगे मराल, एवढेच सांगितले.

शौल जमिनीवर कोसळला. दिवसभर आणि रात्रभर त्याच्या पोटात काही गेले नव्हते. तेव्हा त्या बाईने घरचे पोसलेले वासरू कापले, कणीक मळून भाकरी भाजल्या आणि आग्रह करून त्याला जेवू घातले. ज्या राजाने तिचा धंदा आणि जीव दोन्ही धोक्यात घातले होते, त्याच्या शेवटच्या रात्री माणुसकीने वागली ती हीच. बायबल या प्रसंगी तिला एकही कठोर शब्द बोलत नाही. हे मला फार महत्त्वाचे वाटते.

नव्या करारात रोख वेगळा आहे. तिथे जादूटोण्याचा संबंध वारंवार पैशाशी येतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात शोमरोनचा शिमोन नावाचा जादूगार पेत्रापुढे पैसे ठेवतो आणि पवित्र आत्मा देण्याची शक्ती विकत मागतो. पेत्र त्याला फटकारतो. पुढे चर्चमधली पदे पैशांनी विकली जाऊ लागली, तेव्हा युरोपीय भाषांनी त्या पापाला याच शिमोनचे नाव दिले. फिलिप्पै शहरात एक दासी भविष्य सांगून मालकांना भरपूर कमाई करून देत असे. पौलाने तिच्या अंगातला आत्मा काढला, तेव्हा मालक चिडले. कारण त्यांच्या कमाईची आशा संपली. पौल तुरुंगात गेला. इफिस शहरात जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तके आणून सर्वांदेखत जाळली. त्यांची किंमत भरली 50,000 रुप्याची नाणी. ही पुस्तके कोणी जप्त केली नव्हती. ज्यांची होती त्यांनीच ती आगीत टाकली.

एका ओळीने घेतलेले बळी

असे असूनही ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 22व्या अध्यायातली एक छोटीशी आज्ञा सर्वांत जास्त रक्तपाताला कारण ठरली. चेटकीण जिवंत ठेवू नये, असा तिचा अर्थ लावला गेला. मूळ हिब्रू शब्दाचा नेमका अर्थ काय यावर वाद आहे. इंग्लंडच्या रेजिनाल्ड स्कॉटने 1584 सालीच, हा शब्द विष घालणाऱ्यांसाठी आहे, असे प्रतिपादन केले होते. त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. राजा जेम्सने 1597 मध्ये चेटकांविरुद्ध स्वतः पुस्तक लिहिले, आणि त्याच्याच आश्रयाने 1611 मध्ये निघालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात तिथे ‘विच’ हा शब्द आला. 15व्या ते 18व्या शतकांत युरोपात अशा आरोपांवरून 40 ते 60 हजार माणसे मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. अमेरिकेतल्या सेलम गावी 1692 साली 19 जणांना फाशी दिले. खटल्यात जबाब द्यायला नकार देणाऱ्या एका वृद्धाला दगडांखाली चिरडले.

गोव्यात 1560 साली आलेल्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, बाटलेल्यांच्या जुन्या चालीरीतींवर नजर ठेवली. 1736 च्या फर्मानात तर अशा रीतींची लांबलचक यादीच होती. तरी दिश्ट राहिली ती राहिलीच. आजीच्या ओंजळीतले मीठ सरकारला थोडेच दिसते?

दिश्ट काढणारी आजी कोणाचे नुकसान करत नाही. तिच्यावर लेख लिहायचे कारण नाही. भीती आहे ती दुसऱ्या दोघांची. एक, आजारी मुलाच्या आईला ‘करणी झाली आहे’ म्हणून लुबाडणारा, मग त्याच्या हातात अंगारा असो की मंतरलेले तेल. दुसरा, गावात गुरे मेली की एखाद्या एकट्या विधवेकडे बोट दाखवणारा. पूर्वी मध्य प्रदेशातच असलेल्या छत्तीसगडला ‘टोणही’ ठरवून होणाऱ्या छळाविरुद्ध 2005 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर अशा कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. कायद्याने सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड सांगितला आहे. मांत्रिक कोणत्या धर्माचा, हे तो विचारत नाही.