वर्षाचं बाळ अजून चालेना? घाबरण्याआधी हे वाचा

जावळ झाले, वाढदिवसाचा केक कापला, आणि पाहुण्यांचा पहिला प्रश्न आला, ‘अजून चालत नाही?’ शेजारच्या घरातले दहा महिन्यांचे मूल दुडुदुडु धावत असेल तर आईच्या जिवाला घोर लागतोच. पण बाळ अमुक दिवशी चाललेच पाहिजे, असा कोणताही नियम नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह 5 देशांतील मुलांचा अभ्यास करून 2006 मध्ये जे निष्कर्ष दिले, त्यानुसार आधाराशिवाय चालण्याचा काळ साधारण 8 ते साडेसतरा महिने इतका लांब आहे. त्यातील सुमारे 4 टक्के मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. एका वर्षाचे बाळ सहसा धरून उभे राहते, कॉट किंवा दिवाणाच्या कडेने पावले टाकते, चिमटीत दाणा उचलते, टाटा करते, ‘नको’ म्हटले की क्षणभर थांबते (क्षणभरच!).

बोलण्याबाबत सोलापुरात वेगळीच काळजी असते. पूर्व भागातील कितीतरी घरांत आजी तेलुगूत बोलते आणि अंगणात मराठी चालते. अक्कलकोटकडे कन्नडची साथ. ‘दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलेल’ म्हणून आजीला गप्प करणे मात्र चुकीचे आहे. दोन भाषांमुळे बोलणे खुंटत नाही. बाळाचे शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजावेत. ‘अम्मा’ही शब्दच आणि ‘मम’ही. या वयात एक-दोन शब्द पुरेसे असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाळ बडबडते का, नावाने हाक मारल्यावर वळते का, हवी ती वस्तू खुणेने मागते का. घरात यंत्रमाग असेल तर ही हाक माग बंद असताना मारून पाहावी. खडखडाटात कुणाचेही लक्ष जाणार नाही.

चाकांचा गोल वॉकर आणू नये. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट बाळ पायऱ्यांवरून कोसळण्याचा धोका असतो. कॅनडाने 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली. जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा, तिथे बाळ स्वतःच्या पायांवर उभे असते. तरी नजर हवीच.

खाण्यात ज्वारीची भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून चालते. शेंगदाण्याची चटणी घरोघरी असली, तरी अख्खा किंवा अर्धा दाणा बाळाच्या हाती लागू देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो.

वर्षाचे बाळ आधाराशिवाय बसत नसेल, बडबडत नसेल, हाकेला वळत नसेल, एकच हात वापरत असेल किंवा आधी येणारी गोष्ट विसरले असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे. अठरा महिने होऊनही चालत नसेल तरीही तेच. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल, तर वय अपेक्षित तारखेपासून मोजावे. वर्षाचे बाळ मग दहा महिन्यांचेच ठरते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी होते. पुढचे पथक कधी येणार, हे सेविकेला विचारून ठेवावे आणि जाताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे.