खिशात काय आहे?

डोंगराच्या पोटात काळोखं तळं. काठावर दोघे बसलेत. एक रस्ता चुकलेला, पन्नाशीचा, पायावर केस असलेला बुटका गृहस्थ. दुसरा फिकट डोळ्यांचा, स्वतःशीच बडबडणारा, भुकेला. पैज लागली आहे ती कोड्यांची. पाहुणा जिंकला तर त्याला बाहेरची वाट दाखवायची, हरला तर त्याला खायचं. डोंगर, दात, वारा, अंधार, अंडं, मासा अशी नऊ कोडी होतात. पाहुण्याला पुढचं कोडं सुचत नाही. घाबरून तो खिसा चाचपतो, हाताला काहीतरी गार लागतं आणि तो स्वतःशीच पुटपुटतो, की अरे, माझ्या खिशात हे काय आहे? समोरच्याला वाटतं, हेच दहावं कोडं. तो चिडतो, तीन संधी मागून घेतो आणि तिन्ही वाया घालवतो.

माझ्या भाचीला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती आठ वर्षांची होती. चकलीचा तुकडा तोंडातच ठेवून ती म्हणाली, "मामा, हा रडीचा डाव आहे. हे कोडंच नाही!"

१९३७ पासून जगभरचे लोक नेमक्या याच मुद्द्यावर भांडताहेत. त्या वर्षी २१ सप्टेंबरला जे. आर. आर. टोल्किन यांचं 'द हॉबिट' लंडनला प्रसिद्ध झालं. पहिली आवृत्ती १५०० प्रतींची होती आणि डिसेंबरपर्यंत ती संपलीही. पाहुणा म्हणजे बिल्बो बॅगिन्स हा हॉबिट, यजमान गॉलम आणि खिशातली वस्तू अंगठी. याच अंगठीतून पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' निघालं. आपल्याकडे मुग्धा कर्णिकांनी ते 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं मराठीत आणलं.

टोल्किनचे चाहते एकत्र जमले की एकमेकांना कोडी घालतात. टोल्किन सोसायटीचं वार्षिक संमेलन ऑक्सफर्डला भरतं. बिल्बोचा वाढदिवस २२ सप्टेंबरला, म्हणून तेही त्याच सुमारास. पण मित्रांची बैठकही पुरते. कोड्यांचे प्रकार ठरलेले. काही वर्णनाची, काही नावांची, काही गणिताची. बिल्बो एकशे अकरा वर्षांचा होतो त्याच दिवशी त्याचा वारस फ्रोडो तेहेतीस वर्षांचा होतो. मग मेजवानीच्या खास तंबूत किती पाहुणे? बेरीज करा : एकशे चव्वेचाळीस, म्हणजे बारा डझन. वाचताना हे निसटतं. कोड्यात आलं की लक्षात येतं, लेखकानं पाहुणे मोजून बोलावले होते.

हा लेखक पेशानं भाषेचा अभ्यासक. १९२५ पासून ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सन शिकवणारा प्राध्यापक. त्या जुन्या इंग्रजीतली नव्वदच्या वर कोडी दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितात टिकून राहिली आहेत. एक्झिटरच्या कॅथीड्रलला ते लिऑफ्रिक नावाच्या बिशपनं दिलं. तो वारला १०७२ मध्ये. हंस, नांगर, बर्फ, पुस्तक खाणारी कसर असे त्यांचे विषय. काही कोडी चावट वाटतात आणि उत्तर निघतं साधा कांदा. आपल्या आज्याही असली कोडी घालायच्या, सुना लाजल्या की उत्तर सांगायच्या आणि वर म्हणायच्या, तुमचंच मन वाईट! पण त्या हस्तलिखिताची खरी गंमत वेगळीच. त्यात उत्तरं दिलेलीच नाहीत. विद्वान अजून काही कोड्यांवरून वाद घालतात.

टोल्किननं १९२३ मध्ये, लीड्सला असताना, या जुन्या भाषेत स्वतः दोन कोडी रचून छापली होती. त्यातल्या एकाचं उत्तर अंडं. 'हॉबिट'मधलं अंडं त्यानंतर चौदा वर्षांनी आलं. पुढे त्यानं प्रकाशकाला कळवलं, की एक दातांचं आणि एक पायांचं अशी दोन पारंपरिक कोडी सोडली तर बाकीची माझीच, आणि अंड्याचं कोडं एका जुन्या लांबलचक कोड्याला आटवून केलेलं आहे.

सूर्य आणि डेझीची फुलं हे उत्तर असलेलं कोडं घ्या. निळ्या चेहऱ्यावरचा डोळा हिरव्या चेहऱ्यावरच्या डोळ्याकडे बघतो, असा त्याचा आशय. मराठी वाचकाला हे गोड चित्र वाटतं आणि तो पुढे जातो. पण 'डेझी' हा शब्दच मुळात 'दिवसाचा डोळा' या दोन जुन्या शब्दांचा जोड आहे. म्हणजे उत्तर शब्दाच्या पोटात लपवलेलं, आणि ते लपवलं शब्दांच्या व्युत्पत्तीवर पोट भरणाऱ्या माणसानं. अनुवादात हे हरवणारच. उलट, वेळाचं कोडं मराठीत आपोआप जमून जातं. उत्तर सुचत नाही म्हणून बिल्बो आणखी वेळ मागायला जातो, तोंडून नुसतं "वेळ! वेळ!" एवढंच निघतं, आणि उत्तर बरोबर येतं! माशाचं उत्तरही असंच फुकटात मिळालेलं. एक मासा उडून त्याच्या पायावर पडला म्हणून. भाचीला मी हे नंतर सांगितलं. तिनं निकाल दिला, "म्हणजे बिल्बोनं तीनदा चीटिंग केलं."

तिची बाजू घेणारा एक जुना दाखला आहे. नॉर्स गाथेत ओडिन देव वेषांतर करून हाइड्रेक राजाला कोडी घालतो. राजा भराभर सोडवतो. शेवटी ओडिन विचारतो, की चितेवर ठेवण्याआधी मृत मुलगा बाल्डर याच्या कानात ओडिन काय म्हणाला? हे कोडं नव्हे, गुपित आहे. विचारणाऱ्याखेरीज ते कुणालाच ठाऊक नाही. राजा ओळखतो की समोर ओडिनच आहे, आणि तलवार उपसतो. ही गाथा पुढे १९६० मध्ये टोल्किनचा मुलगा क्रिस्टोफर यानं संपादित केली. खिशातला प्रश्न याच कुळातला, फक्त इथं देवाच्या जागी एक घाबरट गृहस्थ आहे आणि त्याला आपण लबाडी करतोय हेही कळलेलं नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या सुरुवातीला टोल्किननं या वादावर अगदी न्यायालयीन थाटात मत दिलंय. ते कोडं होतं की नुसता प्रश्न याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. पण गॉलमनं तो स्वीकारून उत्तरं द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा तो वचनाला बांधला गेला. माझंही मत तेच आहे, भाचीला ते मान्य नसलं तरी.

कसलेल्या चाहत्याला हे प्रकरण विचारलंत तर तो आधी विचारेल, कोणत्या आवृत्तीतलं? कारण १९३७ च्या पुस्तकात गॉलम चक्क सज्जन आहे. तिथं हरल्यावर तो भेट म्हणून अंगठी द्यायला निघतो, सापडत नाही म्हणून पुन्हापुन्हा माफी मागतो आणि बिल्बोला वाट दाखवून निरोप देतो. पुढचा मोठा ग्रंथ लिहिता लिहिता टोल्किनच्या लक्षात आलं, की ही अंगठी कुणी आपखुशीनं देईल हे शक्यच नाही. १९४७ मध्ये त्यानं ते प्रकरण नव्यानं लिहून, नमुना म्हणून, प्रकाशकाला पाठवलं. पुढे काही कळलं नाही. १९५० मध्ये नव्या आवृत्तीची मुद्रितं हातात आली, तर त्यात नमुनाच छापलेला! १९५१ पासून तोच पाठ चालू आहे.

आता जुनी प्रत बाळगणाऱ्या वाचकांचं काय करायचं? टोल्किननं काढलेली तोड मला त्याच्या सगळ्या कोड्यांपेक्षा हुशारीची वाटते. त्यानं सांगितलं, जुनी हकिगत बिल्बोनं सांगितलेली थाप होती. अंगठीवरचा आपला हक्क पक्का दिसावा म्हणून तो खोटं बोलला, आणि त्याच्यासारखा सरळ माणूस खोटं बोलला यावरूनच जादूगार गॅन्डाल्फला अंगठीचा संशय आला. लेखकाची चूक पात्राच्या अंगावर टाकली आणि तिचाच पुरावा केला!

१९६५ मध्ये अमेरिकेत स्वस्त कागदी बांधणीच्या आवृत्त्या निघाल्या आणि विद्यार्थी अक्षरशः तुटून पडले. त्याच वर्षी तिथं टोल्किन सोसायटी ऑफ अमेरिका निघाली, आणि १९६९ मध्ये इंग्लंडात व्हेरा चॅपमन यांनी टोल्किन सोसायटी काढली. सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं फिरू लागली, तिथल्या शंका पुढच्या अंकात उलटून येऊ लागल्या. काही थेट लेखकाच्याच दारात जायच्या. त्याआधीच, १९५८ मध्ये एका वाचक बाईंनी टोल्किनला विचारलं, की तुमचे एल्फ लगामाशिवाय घोडा हाकतात, मग त्यांच्यातल्या ग्लॉरफिन्डेलच्या घोड्याला लगाम कसा? उत्तरात त्यानं आधी पळवाट शोधली : हात सोडून सायकल चालवणाऱ्याच्या सायकलीलाही हँडल असतंच की. आणि मग कबूल केलं, शब्द निष्काळजीपणानं पडला, ती म्होरकी असायला हवी होती. साठीच्या दशकातल्या दुसऱ्या आवृत्तीत घोड्याचा लगाम खरोखरच गेला आणि म्होरकी आली. पुढच्या आवृत्तीत घोड्याचं सामान बदलवून घेणारी वाचक! मला तिचा हेवा वाटतो.

चाहत्यांच्या बैठकीतला सर्वांत तापणारा प्रश्न म्हणजे बॅल्रॉगला पंख आहेत का? मोरिया या भूमिगत नगरीतल्या पुलावर तो अग्निदैत्य गॅन्डाल्फसमोर येतो, तेव्हा टोल्किन आधी म्हणतो की त्याची सावली दोन पंखांसारखी पसरली. थोडं पुढे गेल्यावर पंख एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचले, असं म्हणतो. 'सारखी' गेलं आणि भांडण उरलं. एक पक्ष म्हणतो, ही उपमाच पुढे चालू आहे. दुसरा म्हणतो, पंख म्हणजे पंख. पंख आहेत तर पूल तुटल्यावर तो दरीत का कोसळला? शहामृगाला पंख नसतात का? अशी रात्र सरते. पुरावा कशाला मानायचं याचेही नियम आहेत. छापील पुस्तक पहिलं, मग पत्रं, मग क्रिस्टोफरनं १९८३ ते १९९६ मध्ये बारा खंडांत काढलेले बापाचे कच्चे खर्डे. श्रुती कुठली, स्मृती कुठली आणि दोन्हींत विरोध आला तर काय, हा वाद आपल्याला नवा नाही.

मोरियाच्याच दारावरचं कोडं मला सर्वांत आवडतं. दार बंद आहे, वर एल्फांच्या भाषेत ओळ कोरलेली आहे. गॅन्डाल्फ तिचा अर्थ लावतो, मित्र असाल तर बोला आणि आत या. मग माहीत असलेले सगळे मंत्र म्हणून थकतो. खरा अर्थ साधा आहे, 'मित्र' असं म्हणा आणि आत या. परवलीचा शब्द दारावरच लिहिलेला! आता हे मराठीत करून पाहा. आपल्याकडे संबोधन वेगळं पडतं. 'मित्रा, बोल' आणि 'मित्र बोल' यांत एका कान्यानं गुपित फुटतं. अनेकवचनानं जाऊ म्हटलं तर 'मित्रांनो' आडवं येतं. मी एक दुपार यात घालवली आणि शेवटी 'मित्र म्हणून बोल' यावर येऊन थांबलो : मित्राच्या नात्यानं बोल, किंवा 'मित्र' म्हणून मग बोल. अगदीच वाईट नाही. (चित्रपटात हे फ्रोडोला सुचतं. पुस्तकात मेरी या हॉबिटच्या प्रश्नानं दिशा मिळते आणि गॅन्डाल्फ सोडवतो. नवख्यांना पकडायचा हा ठरलेला सापळा आहे.)

नाझ्गुल या दुष्ट स्वारांच्या राजाबद्दलचं भाकीतही खरं तर कोडंच : तो पुरुषाच्या हातून मरणार नाही. हिरण्यकशिपूची गोष्ट ऐकून वाढलेल्या मराठी पोराला इथं लगेच उंबरठा दिसू लागतो. वरदानात फट असतेच, फक्त ती शोधायची. इथं ती फट एक बाई आणि एक हॉबिट मिळून शोधतात.

बिल्बोचं दुसरं मोठं कोडं मात्र आपल्या अंगणातलं आहे. स्मॉग या ड्रॅगनसमोर तो अंगठी घालून, अदृश्य होऊन उभा असतो. ड्रॅगन विचारतो, तू कोण? खरं नाव सांगणं धोक्याचं आणि न सांगणंही. मग बिल्बो नाव न घेता नाव घेतो, आपल्या पराक्रमांची बिरुदं एकामागून एक, कोड्यात गुंफून. लग्नातल्या उखाण्यात नाव शेवटी येतं तरी. इथं तेही नाही. ड्रॅगनला असलं बोलणं फार आवडतं. पण आपणच आपल्या हुशारीवर खूश होऊन बिल्बो एक बिरुद जास्त घेतो : पिंपावर बसून आलेला. स्मॉग सगळी कोडी सोडवत नाही, हे एक सोडवतो. पिंपं येतात तळ्यावरच्या गावातून. गावाची राखरांगोळी होते.

काही कोड्यांना उत्तर न ठेवणं हा टोल्किनचा हट्टच होता. रानात राहणारा टॉम बॉम्बाडिल हा कोण, हे विचारणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या झोप नाही. १९५४ मध्ये लेखिका नेओमी मिचिसन यांना त्यानं लिहिलं, की पुराणकाळातही काही गूढं असायला हवीत आणि बॉम्बाडिल हे मी मुद्दाम ठेवलेलं गूढ आहे.

दिवाळी अंकाची रीत अशी, की कोडी एका पानावर आणि उत्तरं शेवटच्या पानाच्या तळाशी, उलटी छापलेली. मी एक्झिटरच्या लेखनिकाचा कित्ता गिरवतो. ही तीन माझी स्वतःची, भाचीच्या परीक्षेत उतरलेली :

पाहुणे शिजवायचे कसे, वाद चालला रातभर;
उजाडताच गप्प झाले, ऊन पडलं अंगावर.

दहा घेऊन निघाला, नऊ घेऊन परतला;
शेवटच्या पायरीवर हरला, तरी काम करून आला.

बागेची हौस म्हणून घर सोडून गेल्या;
नवरे अजून शोधतात, बागा कुठं नेल्या?

तिसऱ्यातल्या बायका कोण हे भाचीनं पाच मिनिटांत ओळखलं. त्या कुठं गेल्या ते मात्र ती अजून शोधते आहे. पुस्तकात उत्तरेच्या माळावर फ्रोडोचा सोबती सॅम याच्या चुलतभावानं चालणारं झाड पाहिल्याचा एक ओझरता उल्लेख आहे, आणि तिनं तिथं पेन्सिलीनं खूण करून ठेवली आहे.