सूर्य डावीकडे उगवला

२१ जूनला योग दिवसाचे फोटो निघतात, त्यांत मी कधीच नसतो. मी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे असतो, एका हातात वायर आणि दुसऱ्या हातात छत्री. उमरखेडच्या आमच्या सकाळच्या वर्गात आसनं शिकवायचं काम गुरुजींचं. माझ्याकडे माइक, सतरंज्या आणि आभाळ अशी तीन खाती. त्यातली दोन भाड्यानं मिळतात.

सतरंज्या येतात बिछायत केंद्रातून. जून उजाडेपर्यंत त्यांनी अख्खी लग्नसराई अंगावर काढलेली असते. एरवी वर्गाला पंचवीस-तीस माणसं, जो तो आपापली चादर काखोटीला मारून येतो. योग दिवसाला मात्र दोनशेची तयारी ठेवायची म्हणून गठ्ठे उतरवून घ्यायचे आणि आदल्या संध्याकाळी झटकत बसायचं. कितीही झटका, अक्षता निघतातच. एका वर्षी सगळे मकरासनात पालथे पडलेले, माना हातांवर टेकलेल्या, स्पीकरमधला आवाज शरीर सैल सोडायला सांगतोय, आणि पुढच्या रांगेतल्या एक काकू डोळे मिटूनच म्हणाल्या, "बुंदी होती व माय या लग्नात." शेजारणीनं नाक आणखी जवळ नेलं. "आन् वांग्याची भाजी." श्वासाकडे इतकं मनापासून लक्ष दिलेलं मी त्या रांगेत पुन्हा पाहिलं नाही.

स्पीकरमधला आवाज म्हणजे आयुष मंत्रालयानं ठरवून दिलेला सामायिक अभ्यासक्रम. ४५ मिनिटांचा. प्रार्थना, मान-खांदे मोकळे करणं, मग उभी आसनं, बैठी, पालथी, उताणी, शेवटी कपालभाती, प्राणायाम, ध्यान, संकल्प, शांतिपाठ. हा आवाज कुणासाठी थांबत नाही, ही त्याची एकच खोड. पाहुणे हार घालून घेत असतात तोवर तो वृक्षासनात गेलेला असतो. एकदाच थांबला, तोही वीज गेली म्हणून. ताडासन चालू होतं. श्वास घेत हात वर, टाचा वर, असं सांगितलं आणि गप्प झाला. दीडशे माणसं चवड्यांवर उभी. 'खाली' म्हणायला कुणी नाही. मी फ्यूजकडे धावलो, गुरुजी मंचाच्या पलीकडे कुणाशी तरी बोलत होते. शाळकरी पोरं आधी डगमगली, मग नोकरदार. काही बाया मात्र तशाच उभ्या, नजर समोर. गुरुजींच्या लक्षात आलं तेव्हा ते ओरडले, "अरे उतरा!" नंतर त्यांतल्या एकीला विचारलं, एवढा वेळ कशा काय राहिल्या? ती म्हणाली, "फळीवरचा डबा काढतो न आमी रोज."

गुरुजी या सगळ्यावर थोडे नाराजच असतात. ते जनार्दनस्वामींच्या परंपरेतले. स्वामींनी १९५१ साली नागपुरात योगाभ्यासी मंडळ काढलं, आणि पैसा न घेता शिकवायचं या त्यांच्या रीतीमुळं विदर्भातल्या गावोगावी सकाळचे वर्ग रुजले. २१ जून कुणाला माहीत नव्हता तेव्हापासून. त्यामुळं 'योग दिवस साजरा करायचा' हे वाक्य गुरुजींच्या कानाला खटकतं. "दात घासणं साजरं करता का तुम्ही?" असं ते दरवर्षी विचारतात, आणि दरवर्षी पहाटे चारला सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर असतात.

तारीख कशी आली ते तसं सगळ्यांना ठाऊक आहे. २७ सप्टेंबर २०१४ला पंतप्रधानांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ती सुचवली, ११ डिसेंबरला १७७ देशांच्या सहप्रायोजनानं ठराव मंजूर झाला, आणि २०१५ला पहिला योग दिवस झाला. कारण असं सांगितलं की उत्तर गोलार्धातला हा सगळ्यात मोठा दिवस. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये तर त्याच्याही आधी, २००३पासून, या दिवशी लोक चौकात चटया टाकून योगासनं करतात. त्यांना वर्षातून थोडे महिने मिळणारं ऊन. त्यांनी ते साजरं करावं, हे समजण्यासारखं आहे. आमच्याकडे मार्चपासून उन्हानं जीव नकोसा केलेला असतो. २१-२२ जूनला मृग संपून आर्द्रा लागते. ज्या सकाळी सूर्याला नमस्कार घालायचे, त्या सकाळी समोर बसलेला प्रत्येक जण मनातून ढगांची वाट पाहत असतो.

म्हणून आमच्या हजेरीवहीचा हिशेब उलटा आहे. पाऊस चांगला झाला की मैदान रिकामं. सरकी टोबायला बाया पहाटेच वावरात गेलेल्या, सोयाबीनवाल्यांची पेरणी चालू, हळदीच्या बेण्याची वेगळी घाई. वर्गाला उरतात पेन्शनर, दुकानदार आणि ज्यांना मधुमेहाच्या डॉक्टरांनी दम दिलाय ते. सतरंज्या ओल्या, माणसं पन्नास, आणि गुरुजी खूश. आमची सगळ्यात मोठी गर्दी झाली २०२३ला. त्या वर्षी बिपरजॉय चक्रीवादळानंतर मोसमी वारे रेंगाळले आणि पाऊस विदर्भात पोचला तो २३ जूनला. २१ला कुणाच्याच हाताला काम नव्हतं. बियाणं घरात आणून ठेवलेलं, वर आभाळ कोरडं ठाक. मैदान भरलं. फोटो काढणारा म्हणाला, वा, काय प्रतिसाद आहे! अर्धचक्रासनात मान मागे टाकली की आभाळाशिवाय काही दिसत नाही. आवाजानं पूर्वस्थितीत यायला सांगितलं, तरी मागच्या दोन रांगा काही वेळ तशाच वर बघत राहिल्या. मला माइकवरून काही बोलवेना.

पोरांची वेगळीच तऱ्हा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, २१ जून उलटून गेल्यावर. पैनगंगेच्या पुलापलीकडे हदगावला मराठवाडा लागतो, तिथली पोरं १५-१६ जूनपासून दप्तरं घेऊन शाळेत. अलीकडे आमची पोरं सुट्टीत, मामाच्या गावाला नाही तर अंथरुणात. तरी योग दिवसाला गणवेशात विद्यार्थी हवेतच. मग मास्तर लोक आदल्या रात्री घरोघरी फोन लावतात. नाश्त्याला काय आहे, हा पोरांचा पहिला प्रश्न. पोहे म्हटलं तर वीस येतात, आलुबोंडा म्हटलं तर साठ. हा आकडा कुठल्या अहवालात जात नाही, पण मी तो अनुभवानं काढलेला आहे.

आता डावीकडच्या सूर्याबद्दल. एका वर्षी ठरलं की अभ्यासक्रम संपला की सगळ्यांनी मिळून बारा सूर्यनमस्कार घालायचे, तेही उगवत्या सूर्याकडे तोंड करून. मी फोनमधलं होकायंत्र लावून बरोब्बर पूर्व काढली, त्या रेषेवर चुन्याच्या फक्क्या मारल्या, मंच उलट बाजूला घेतला. पहाटे आभाळ नेमकं मोकळं. पावणेसहा वाजत आले, सगळे हात जोडून उभे, आणि सूर्य आला तो भलतीकडून, पाण्याच्या टाकीच्या बाजूनं, सगळ्यांच्या डाव्या कानावर. समोर होता एका घराचा संडास. दोनशे माणसांनी त्याला नमस्कार घातले असते, पण एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मोठ्यानं विचारलं, "सूर्य चुकला का साउंडवाले भाऊ चुकले?"

चुकलो मीच. उमरखेड साडेएकोणीस अंशांच्या किंचित वर. इथं बरोब्बर पूर्वेला सूर्य उगवतो तो मार्च आणि सप्टेंबरात. जूनच्या या दिवशी तो पूर्वेच्या पंचवीसएक अंश उत्तरेला सरकलेला असतो. त्या शेतकऱ्याला हे अंशांत माहीत नव्हतं. त्याच्या गोठ्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर याच दिवसांत सकाळचं ऊन येतं, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. गुरुजींनी त्या फजितीचा धडा केला. तेव्हापासून आभाळानं दया केली तर ते दुपारी सव्वाबारा-साडेबाराच्या मध्ये अंगणात मीटरभर काठी उभी करतात. सावली सात सेंटिमीटरही भरत नाही, आणि ती पडते दक्षिणेला, कारण मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जात असतो. सावली पार पायाखाली जाण्याचा दिवस इथं १८ मेच्या आसपास येऊन गेलेला असतो, दुसरा जुलैअखेर येतो. २१ जूनचा दिवस आमच्याकडे तेरा तास आणि वर पंधरा-वीस मिनिटांचा, डिसेंबरातला तीन-चार मिनिटं कमी अकरा तासांचा वगैरे, असं गुरुजी सांगत असतात तेव्हा पोरं आलुबोंड्याच्या टोपलीकडे बघत असतात. पंचांगातलं दक्षिणायन कर्क संक्रांतीला, जुलैच्या मध्यावर, आकाशातलं आज. या वादात मात्र गुरुजी पडत नाहीत. कीर्तनकारांशी त्यांचे संबंध चांगले आहेत.

पिलाटे आमच्या वर्गात आलं ते माझ्या भाचीबरोबर. पुण्याहून चार महिन्यांसाठी आली होती, कंबरेचं दुखणं याच व्यायामानं बरं झालेलं, म्हणून शिकवायचा उत्साह. बायांनी पहिल्याच दिवशी नाव फिरवलं: पिळाटे. कारण पीळ पडतो. हे बायकांचं काहीतरी नाजूक फॅड असेल असं मला वाटायचं. भाचीनं खोडून काढलं. जोसेफ पिलाटे हा जर्मन गडी, १८८३चा जन्म, लहानपणी दमेकरी. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून छावणीत डांबलं, तिथं तो इतर कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. १९२६ला न्यूयॉर्कला गेला, तिथं नर्तकांनी त्याला उचलून धरलं. त्यानं स्वतः या पद्धतीला कंट्रोलॉजी म्हटलं होतं, पण लोकांनी त्याचंच आडनाव लावलं, आणि आमच्या बायांनी त्याचंही पिळाटे केलं.

त्यातला 'शंभर'चा व्यायाम सगळ्यांच्या आवडीचा झाला. उताणं पडायचं, पाय वर धरायचे, मान उचलायची आणि लांब केलेले हात वरखाली हलवत पाच आकड्यांना श्वास आत, पाच आकड्यांना बाहेर, असं दहा वेळा. साठीला पोचल्यावर अंग थरथरायला लागतं. इथं गुरुजींचा आक्षेप आला: श्वास तोंडानं सोडायचा? योगात असं चालत नाही. भाची म्हणाली, "आजोबा, शीतलीत तुम्ही तोंडानं घेता की. मग मी सोडला तर काय बिघडलं?" गुरुजींनी जरा विचार केला, मग म्हणाले, "पुढं मोज." दुसऱ्या दिवसापासून शंभर आकडे त्यांच्याच आवाजात मोजले जाऊ लागले. ते साठला न थांबता एकसष्टचा सूर जरा वर चढवतात, जुन्या मास्तरासारखे.

भाची परत गेली. पिळाटे राहिलं, मंगळवार-शुक्रवार. मात्र जून-जुलैत बंद. वाकून सरकी टोबून आलेल्या बाईला वर आणखी पीळ कशाला, असं त्याच म्हणाल्या आणि गुरुजींनीही मान हलवली.

एकच योग दिवस असा गेला की ना सतरंजी आणली, ना माइक लावला. २०२०. टाळेबंदीमुळं जमायला बंदी, घरीच करा असा आदेश. त्यात २१ जूनला रविवार, अमावास्या आणि सूर्यग्रहण. राजस्थान-हरियाणात कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास. आदल्या रात्रीपासून वेध. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर शंकांचा पाऊस पडला: वेधात आसनं चालतात का? गुरुजींचा निरोप आला, योगाला पोट रिकामं लागतं, वेधात ते रिकामंच असतं, तेव्हा यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. सकाळी सहाला त्यांनी फोनवरून वर्ग घेतला. पंचवीस चौकटी, त्यांत कुणाचं कपाळ, कुणाचा पंखा, एका घरी अख्खा वेळ नुसती मांजर. खाती सांभाळायची सवय लागलेला मी घरात मोकळाच बसलो होतो.

दहानंतर ग्रहण लागलं. आभाळ भरलेलंच, मधूनच फटी पडायच्या. ग्रहणात बाहेर पडायचं नाही म्हणून आई दाराशी आतल्या बाजूला बसलेली. बाराच्या सुमाराला ढग फाटले आणि अंगणात विचित्र मंद ऊन पडलं, पांढुरकं, दुपारचं न वाटणारं. सूर्याकडे बघायची सोय नव्हती. गुरुजींनी गटावर लिहिलं, चाळण धरा. मी भिंतीवरची गव्हाची चाळण काढली, अंगणात माझी व्यायामाची चादर टाकली आणि चाळण डोक्यावर धरली. सूर्य जवळजवळ थेट माथ्यावर, त्यामुळं उजेड सरळ पायांशी. आधी नुसते धुरकट ठिपके.

"जरा वर धर," आई म्हणाली.

मी हात ताणले.

"अजून."

मी टाचा उचलल्या. ठिपक्यांना कडा आल्या. चादरभर बारीक बारीक कोरी, एकसारख्या, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, नखाएवढ्या चंद्रकोरींसारख्या. आई उंबरठ्यापर्यंत सरकली, मग ग्रहण-बिहण विसरून एक पाय अंगणात. माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, हात थरथरायला लागले आणि सगळ्या कोरी एकदम हलल्या.

"खाली नको घेऊ," आई म्हणाली, "आत्ता कुठं दिसून राहिल्या."