काचेच्या पेटीतली आंबोली

मुलांनो, बेळगावहून सावंतवाडीच्या एसटीत बसलात, की साठ-सत्तर किलोमीटरवर आंबोली लागते. तिथे महादेवाच्या देवळापाशी गुहेतून पाणी येतं आणि कुंडात साठतं. हिरण्यकेशी नदी इथूनच निघते. पुढे आजरा, गडहिंग्लज करत ती आपल्या संकेश्वरला येते आणि मग घटप्रभेला मिळते.

या कुंडातल्या एका इवल्याशा माशाची २०२० सालापर्यंत विज्ञानाला ओळखच नव्हती! प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमण्यम या संशोधकांनी त्याची नोंद केली. नदीवरूनच त्याचं नाव ठेवलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्याच्या घराला जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं.

आता कुंडाच्या काठाकडे बघा. पाण्यात मासे, पाण्याला टेकून ओले खडक, खडकांवर मऊ मॉस, जरा वर नेचे आणि त्याच्याही वर झाडं. पाणी कुठे संपलं आणि जमीन कुठे सुरू झाली, हे बोट ठेवून सांगता येणार नाही. पुष्कळ जीवांना अशीच जागा लागते. आंबोलीचा मलबारी उडता बेडूक घ्या. पावसाळ्यात तो पाण्यावर झुकलेल्या फांदीवर पांढऱ्या फेसाचं घरटं करतो. मादी अंगातून चिकट द्रव सोडते आणि पायांनी घुसळून त्याचा फेस काढते. अंडी त्या फेसात ओली राहतात. काही दिवसांनी छोटे बेडूकमासे वळवळत बाहेर येतात आणि टप् टप् खाली पाण्यात पडतात. वर झाड नसेल तर घरटं नाही, खाली पाणी नसेल तर पिल्लं नाहीत!

पाणी आणि जमीन अशी शेजारी-शेजारी ठेवून काचेच्या पेटीत बाग केली, की तिला पॅलुडेरियम म्हणतात. चला, एक करूया. घरातल्या एका मोठ्या माणसाला मात्र आधी आपल्या गटात घ्या.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी माशांची पेटी पुरे. त्यात चारच इंच पाणी भरायचं. नुसत्या पेटीत चार इंच पाणी म्हणजे जवळजवळ १९ लिटर, आणि एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. त्यात दगड आणि काच मिळवा, म्हणजे टेबल मजबूत का हवं ते कळेल. पेटीला उजेड हवा, पण थेट ऊन नको. उन्हात बंद काच इतकी तापते, की आतली झाडं शिजून जातील.

जमीन कशाची करायची? आपल्याकडचा जांभा दगड! खानापूर, चंदगडकडे त्याची घरं बांधतात. जांभ्याला बारीक बारीक भोकं असतात. त्याचा तुकडा पाण्यात उभा केला, की पाणी त्या भोकांतून आपोआप वर चढतं आणि दगडाचं डोकंही ओलं राहतं. मॉसला एवढंच हवं असतं. तुकडे आधी बादलीत भिजत घाला आणि लाल पाणी यायचं थांबेपर्यंत रोज पाणी बदला. मग पेटीच्या एका बाजूला हलणार नाहीत असे रचा. फटींत नारळाचा काथ्या कोंबा. माती घालायचीच नाही, म्हणजे चिखलही होणार नाही.

दुसरा कुठला दगड घालणार असाल तर त्याच्यावर लिंबू पिळून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे. तो हळूहळू पाण्यात उतरतो, म्हणून तो दगड नको.

आता झाडं. वरच्या फटीत छोटा नेचा लावा. मनी प्लांटची फांदी अशी ठेवा, की मुळं पाण्यात आणि पानं हवेत राहतील. काठाला ब्राह्मी लावा. तिची पानं बारीक आणि मांसल असतात. ती पाण्याबाहेर वाढते आणि पाण्यात बुडूनही जगते. नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच ओता, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. छोटा पंप ठेवून पाणी जांभ्यावरून सोडलंत, की झरा तयार! पंपाची वायर प्लगच्या खालपर्यंत झोल देऊन मग वर न्या. वायरीवरून ओघळलेलं पाणी मग झोलातून खाली पडतं, प्लगपर्यंत पोचत नाही.

झालं? आता मासे सोडायचे? थांबा, अजून महिना-दीड महिना नाही!

कारण पेटीतले सगळ्यात महत्त्वाचे रहिवासी अजून यायचे आहेत आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. मासे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात, उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनिया निघतो. माशांना तो विषारी. पण काही जिवाणूंचं तेच जेवण! ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते माशांना फारसं बाधत नाही आणि मनी प्लांटची मुळं ते खत म्हणून शोषून घेतात. हे जिवाणू दगडांवर, काथ्यावर हळूहळू वस्ती करतात. तोवर दर दोन दिवसांनी माशांच्या खाण्याची अगदी चिमूटभर भुकटी टाका, म्हणजे त्यांना खायला मिळेल. पेटीवर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा, नाहीतर साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतील.

या महिन्यात बघायला पुष्कळ आहे. पेटीवर काच ठेवून थोडी फट सोडा, आणि फटीवर तेच कापड. थंडीच्या सकाळी आतल्या बाजूने काच धुरकट दिसेल, त्यावर थेंब जमून ओघळतील. पाण्याची वाफ झाली, ती गार काचेला लागली आणि पुन्हा पाणी झाली. आंबोलीतही हेच घडतं. अरबी समुद्रावरून आलेला दमट वारा घाट चढतो, वर जाताना गार होतो आणि पाणी ओततो. म्हणून तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तोच वारा निपाणीला पोचेपर्यंत बराचसा रिकामा झालेला असतो.

बंद काचेतली ही गंमत लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरांना १८२९ मध्ये अचानक सापडली. पतंगाचा कोष कसा फुटतो हे बघायला त्यांनी तो ओल्या मातीसह बाटलीत बंद केला होता, तर मातीतून नेचा उगवला! त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या केल्या. पुढे अशाच पेट्यांतून चीनमधली चहाची रोपं जहाजाने भारतात आली.

महिना-दीड महिना झाला, की मासे विकणाऱ्या दुकानात पाण्याची तपासणी करून घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की तीन-चार नर गप्पी आणा. नरच का? जोड्या आणल्यात तर गप्पी भराभर वाढतील आणि पेटी अपुरी पडेल. गप्पी डासांच्या अळ्या आवडीने खातात. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला आणि आठवड्याला थोडं पाणी बदला.

शेवटी दोन गोष्टी कायमच्या लक्षात ठेवा. जंगलातून, ओढ्यातून बेडूक, मासे, खेकडे घरी आणू नका. त्यांना घरी काय खायला घालायचं हे आपल्याला माहीत नसतं, आणि पुष्कळ वन्य जीवांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आणि गप्पी नकोसे झाले, तर मित्राला द्या, दुकानात परत करा, पण हिरण्यकेशीत किंवा वेदगंगेत सोडू नका. गप्पी दक्षिण अमेरिकेकडचे आहेत. नदीत वाढले, तर आपल्या माशांची पिल्लं आणि खाणं दोन्ही फस्त करतील. हिरण्यकेशीच्या माशाला जगात दुसरं घर माहीत नाही. ते सांभाळणं आपल्याच हातात आहे.