पुरीमचा डबा आणि घरचं कुत्रं-मांजर

पुरीम, म्हणजे आपल्या पणजीचा ‘होळीचा सण’. एस्तेरच्या पुस्तकातल्या रीतीप्रमाणे शेजारी खाऊचा डबा द्यायचा, त्यात निदान दोन पदार्थ हवेत. पण घरात कुत्रं-मांजर असेल तर जपा! चॉकलेट कुत्र्याला विषच. मनुकासुद्धा! किद्दुशच्या शरबताच्या उरलेल्या काळ्या मनुका आपण त्याला प्रेमाने घालतो, पण त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजर चकचकीत रिबीन गिळतं, ती आतड्यात अडकते. म्हणून रिबीन नको. डबा स्वच्छ रुमालात बांधा, घट्ट गाठ मारा आणि कपाटात ठेवा. आजी-आजोबांनो, कुत्र्याने मनुका खाल्ल्याच, तर तो बरा दिसला तरी थांबू नका. लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा. हाग समेआख!