कण्याचं ऑपरेशन आणि नंतरची कूस

स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता बाजूला झुकत नाही, स्वतःभोवती पिळलाही जातो. म्हणून मूल ओणवं झालं की एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसतात. आमच्या लेकीचं हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते गणवेशाचं माप घेणाऱ्या शिंपीकाकांच्या. “ताई, उजवा खांदा वर आहे हिचा, दाखवून घ्या,” म्हणाले.

एक्स-रेवर बाकाचा कोन मोजतात. जॉन कॉब या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८मध्ये मांडलेली पद्धत आजही चालते. वाढ शिल्लक असेल, तर साधारण २५ ते ४० अंशांपर्यंत ब्रेस, म्हणजे धडाभोवती बांधायचा ताठ आधार, देतात. ५०च्या आसपास ऑपरेशनचा विषय निघतो. हिचा कोन ५४ होता.

मग सल्ले सुरू झाले. कुणी मालिश सुचवली, कुणी बारला लटकायला सांगितलं. मावशीनं दप्तराच्या ओझ्यावर खापर फोडलं, आजीनं पोक काढून बसण्यावर. लग्नाचं काय, हेही कुणीतरी विचारलंच. या वयात येणाऱ्या बाकाचं कारण बहुतेक वेळा सापडत नाही, दप्तराचा किंवा बसण्याचा त्यात दोष नसतो, हे डॉक्टरांनी लेकीच्या देखत सांगितलं ते फार बरं केलं. ‘नीट बस’ ऐकून ती कंटाळली होती.

ऑपरेशन पालथं झोपवून करतात. मणक्यांत दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवायचे, त्यांना दोन रॉड जोडायचे, कणा जमेल तितका सरळ आणायचा आणि वर हाडाचा चुरा पसरायचा. टिकाऊ काम हा चुराच करतो. रॉड नुसते धरून ठेवतात. पुढे काही महिन्यांत मणके जुळून सलग हाड होतं. पोलिओमुळे कणा वाकलेल्या मुलांसाठी पॉल हॅरिंग्टन यांनी टेक्सासमध्ये असे रॉड काढले, तेव्हा रुग्णांना नंतर कित्येक महिने प्लॅस्टरमध्ये काढावे लागत.

आम्हाला धास्ती पायांची होती. मज्जारज्जूतून जाणारे संदेश ऑपरेशनभर यंत्रावर बघत असतात. ते मंदावले, तर सर्जन हात थांबवतात, कण्यावरचा ताण सैल करतात. पूर्वी रुग्णाला मध्येच अर्धवट जागं करून पाय हलवायला लावत. क्वचित आजही लावतात. हे ऐकून लेक म्हणाली, “मला उठवायचं नाही, सांगून ठेवा त्यांना.”

ऑपरेशन डॉक्टरांचं, पण नंतरची कूस आमची. खांदे आणि कंबर एकदम वळली पाहिजेत, ओंडका लोटावा तशी. गुडघ्यांत उशी, मी खांद्याशी, हिचे बाबा कमरेशी. सिस्टरनं ‘तीन’ म्हटलं की दोघांनी एकदम वळवायचं. पहिल्या खेपेला बाबांचा हात किंचित मागे राहिला आणि पोरगी अशी ओरडली, की शेजारच्या खोलीतल्या आजोबांनी माणूस पाठवला.

दुखण्याबद्दल सगळे बजावतात, पोटाबद्दल कुणी बोलत नाही. वेदनाशामकांनी आतडी मंदावतात, पोट फुगतं. एक अख्खा दिवस पाठीपेक्षा पोटाचीच रड जास्त होती. फिजिओथेरपिस्टनं मात्र तिला दुसऱ्याच दिवशी उभं केलं. ती चक्क उंच दिसत होती. बाकात अडकलेली उंची मोकळी झाली होती.

जुळलेला भाग पुन्हा वाकत नाही. खाली पडलेलं पेन ती आता गुडघे मोडून, उकिडवं बसून उचलते. जड दप्तर उचलावं लागू नये म्हणून शाळेत पुस्तकांचा दुसरा संच ठेवलाय. आणि एक व्यवहाराचं: खर्चाचा अंदाज घेताना स्क्रू-रॉडचे पैसे त्यात धरलेत का, हे आधी विचारा. बिल तिथंच फुगतं.

तुमच्या घरात दहा ते पंधरा वर्षांचं मूल असेल, तर अधूनमधून त्याची पाठ बघत जा. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात खाली सोडून ओणवं करा. एका बाजूच्या बरगड्या वर दिसल्या, तर मालिशवाल्याकडे न जाता थेट हाडांच्या डॉक्टरांना गाठा. कोन लहान असताना कळलं, तर ब्रेसवर भागू शकतं.